रंग दारूचा नाही, प्रकाशाचा!

निळ्या-जांभळ्या पिसांचा फुलोरा, मधूनच एक भगवी धार, कडेला हिरव्या काड्यांची जाळी. बघणाऱ्याला वाटतं, मोरपिसाचा क्लोजअप असेल, नाहीतर एखादं भारी पेंटिंग. प्रत्यक्षात तो असतो बिअरचा किंवा कॉकटेलचा वाळलेला एक थेंब!

हे फोटो काढले मायकल डेव्हिडसन यांनी. अमेरिकेतल्या फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीत ते मायक्रोस्कोपवर काम करायचे. जीवनसत्त्वं, डीएनए यांच्या स्फटिकांचे फोटो काढता काढता त्यांनी दारूचे थेंबही काचेच्या पट्टीवर वाळवले. 1990च्या दशकात त्या नक्षीचे चक्क नेकटाय निघाले आणि लोकांनी ते हौसेनं घातले. पुढे 2009मध्ये ‘बेव्हशॉट्स’ या नावानं हेच फोटो भिंतीवर लावायला विकले जाऊ लागले. डेव्हिडसन 2015मध्ये गेले, पण फोटो अजून फिरतायत.

रंग येतो कुठून?

गंमत अशी की यातला एकही रंग त्या पेयाचा नसतो. थेंब वाळताना पाणी आणि अल्कोहोल उडून जातं. मागे उरतात साखर, आम्लं, क्षार. त्यांचे स्फटिक होतात. साध्या उजेडात बघाल तर फिकट, जवळजवळ पारदर्शक दिसतात.

आता बारावीचं फिजिक्स आठवा. पोलरॉइडची एक पट्टी एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश पुढे सोडते. तिच्यावर दुसरी पट्टी काटकोनात धरली की सगळं काळंकुट्ट. पण दोघींच्या मध्ये स्फटिक ठेवला तर तो प्रकाशाची कंपनदिशा बदलतो आणि प्रत्येक रंगाच्या बाबतीत वेगळी बदलतो. मग अंधारातून रंग फुटतात. स्फटिक कुठे जाड, कुठे पातळ, तसा रंग पालटतो. पट्टी जरा फिरवली की सगळं चित्रच बदलतं.

मोहाच्या थेंबात काय दिसेल?

अर्जुनी मोरगावात दारू म्हटलं की आधी आठवतो मोह. मार्च-एप्रिलमध्ये पहाटेपासून फुलांचा सडा पडतो आणि टोपल्या घेऊन घरंच्या घरं रानात जातात. ताजं फूल फिकट पिवळं, रसरशीत; वाळलं की तांबूस. गोडवा एवढा की नुसतं खाल्लं तरी चालतं.

त्या गोडव्याचं पुढे काय होतं? फूल आंबवलं की साखरेचं अल्कोहोल होतं. गाळताना वाफ वर जाते आणि उरलंसुरलं सगळं भांड्याच्या तळाशी राहतं. म्हणून पहिल्या धारेची दारू पाण्यासारखी स्वच्छ असते. तिचा थेंब पट्टीवर वाळवला तर उडून जाईल आणि मागे दाखवण्यासारखं फारसं काही राहणार नाही. व्होडकाचंही तेच. ज्यात साखर, फळांचा रस, त्यात नक्षी. निव्वळ दारूकडे देण्यासारखा रंगच नाही.

बाटलीचं दुसरं चित्र

हे लक्षात ठेवायला हवं, कारण टीव्हीवर दारूच्या जाहिरातींना बंदी असली तरी इन्स्टावर काचेचे चमकणारे ग्लास रोज दिसतात. ग्लासावरचं दव बऱ्याचदा ग्लिसरीन आणि पाण्याचं असतं, बर्फ ॲक्रिलिकचा आणि सोनेरी झळाळी मागे लपवलेल्या चकचकीत कागदाची. ते कौशल्य जरूर शिका. सरबत, मध, तेल विकणाऱ्या प्रत्येकाला ते लागतं आणि त्यात पोटापाण्याचं कामही आहे. फक्त झळाळी कशाची, हे डोळ्यांना कळलं पाहिजे.

बाटलीचं एक साधं चित्र आपल्याकडेही आहे. गावातलं दारूदुकान बंद करायचं की नाही, यासाठी महाराष्ट्रात मतदान होतं, तेव्हा मतपत्रिकेवर दोनच खुणा असतात: उभी बाटली आणि आडवी बाटली. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवीवर शिक्का मारला की दुकान बंद. ना लायटिंग, ना फिल्टर. पण त्या चित्रामागे बायांनी घरात काय काय बघितलेलं असतं, ते कुठल्याच लेन्सला पकडता येत नाही. शेजारच्या गडचिरोलीत 1993पासून जिल्हाभर दारूबंदी आहे, तीही लोकांच्या आंदोलनातूनच आली.

करून बघा, दारूशिवाय

ही नक्षी बघायला दारू लागतच नाही. किराणा दुकानातलं लिंबूसत, म्हणजे सायट्रिक ॲसिड, पुरतं.

- दोन चमचे कोमट पाण्यात अर्धा चमचा लिंबूसत विरघळवा. एक थेंब काचेच्या पट्टीवर पातळ पसरा आणि धूळ बसणार नाही असा वाळू द्या. उन्हाळ्यात लवकर वाळतो, पावसाळ्यात रेंगाळतो.
- फिजिक्स लॅबमधून पोलरॉइडच्या दोन पट्ट्या मागा. एक मायक्रोस्कोपच्या दिव्यावर, दुसरी आयपीस आणि मोबाईलच्या मध्ये. काळोख होईपर्यंत वरची फिरवा, मग खाली थेंब सरकवा.
- आरशाचा मायक्रोस्कोप असेल तर आरसा सूर्याकडे कधीच वळवू नका, डोळ्याला इजा होते.
- मायक्रोस्कोप नाही? लॅपटॉपच्या एलसीडीवर पांढरा पडदा लावा. तो प्रकाश आधीच पोलराइज्ड असतो, त्यामुळे एकच पट्टी पुरते.

हे जमलं की मोहफुलाच्या रसाचा थेंब घ्या. हा चिवट गडी आहे. त्यातल्या साखरेचा पाक मधासारखा चिकट राहतो, स्फटिक सहज धरत नाही. पण धरलाच, तर अर्जुनीच्या रानाचा असा फोटो तुमच्याआधी फारच थोड्यांनी काढलेला असेल.