रस्त्याच्या पलीकडची वस्ती

आमचे गाव महामार्गाच्या अलीकडे, आमची वस्ती पलीकडे. शाळा, रेशन, पिठाची गिरणी सगळे गावात. रस्ता रुंद झाला तसे वस्तीतले कोणी ना कोणी त्यावर मरू लागले. कधी मजुरीला निघालेली बाई, कधी शाळेतून परतणारे पोर. घराण्यातला पहिला पदवीधर मी, म्हणून अर्ज लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. कचेरीत उत्तर मिळाले, ‘तुमचे ठिकाण ब्लॅक स्पॉटमध्ये बसत नाही.’

हे ‘बसणे’ म्हणजे काय? केंद्रीय रस्ते मंत्रालयाने 2015 मध्ये ठरवलेली व्याख्या अशी : राष्ट्रीय महामार्गाचा सुमारे 500 मीटरचा तुकडा, आणि त्यावर मागील 3 वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे 5 अपघात, किंवा 10 मृत्यू. चौकात माणसे एकाच जागी ओलांडतात. आमची वस्ती मात्र रस्त्याला लांबवर लागून आहे. ज्याची पायवाट जिथे, तिथून तो ओलांडतो. समजा, 2 किलोमीटरांत 3 वर्षांत 12 अपघात झाले आणि ते सारखे विखुरले, तर प्रत्येक तुकड्याच्या वाट्याला 3 येतात. 12 अपघात होऊनही एकही ठिकाण ‘काळे’ ठरत नाही! शिवाय ही पद्धत माणसे मेल्यावरच बोलू लागते.

दुसरी पद्धत मेलेल्यांची वाट पाहत नाही, रस्ताच तपासते. आयरॅप ह्या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमात दर 100 मीटरला नोंद होते : वेग किती, वळण कसे, कडेचा खांब किती जवळ, ओलांडायची सोय आहे का. त्यावरून 1 ते 5 तारे देतात. 1 म्हणजे सर्वांत धोक्याचा. हे तारे मोटारीतल्यांना, मोटारसायकलवाल्यांना, सायकलवाल्यांना आणि पायी चालणाऱ्यांना वेगवेगळे मिळतात, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. दुभाजकाने समोरासमोरची धडक टळते, मोटारीचे तारे वाढतात. पण वेगही वाढला तर पायी माणसाला तोच रस्ता 1 ताऱ्याचा राहू शकतो. देशात 2022 मध्ये रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली. त्यांपैकी 32,825 पायी चालणारी होती.

मग पैशाचा प्रश्न येतो. कोणत्या दुरुस्तीने रुपयामागे किती मृत्यू आणि गंभीर जखमा टळतील, ते पाहून कामांचा क्रम लावतात. खरी मेख इथे आहे. ह्या गणितात ओलांडणाऱ्यांची संख्या घालावी लागते. मोजणारा भर दुपारी आला तर त्याला रिकामा रस्ता दिसणार. आमच्या बाया अंधारात गेलेल्या असतात, दिवेलागणीला परततात. न मोजलेल्या माणसांसाठी भुयारी वाट कोण बांधील?

म्हणून गेल्या हिवाळ्यात वस्तीतली तीन पोरे आणि मी पहाटे 5 वाजता वह्या घेऊन रस्त्यावर बसलो. पायवाटा 7 निघाल्या. मला 4 च ठाऊक होत्या. प्रत्येक वाटेपुढे वेळ, माणसे, डोक्यावर ओझे आहे का, बोटाला मूल आहे का, असे रकाने पाडले. ती मोजणी नव्या अर्जाला जोडली आहे. एक प्रत जवळ ठेवली आहे. आधीचा अर्ज कचेरीत सापडला नव्हता.