परदेशी मुलाला पार्सल धाडताना : किंमत खरी लिहा, वस्तू पारखून पाठवा

ईद जवळ आली की आमच्या कापडाच्या दुकानात एक ठरलेला सवाल येतो, "शेठ, दुबईला पोराकडे पार्सल धाडायचंय. कसं धाडू?" अवसरी बुद्रुक आणि मंचरच्या बाजूला रत्नागिरी-रायगडसारखी घरटी एक माणूस आखातात अशी स्थिती नाही. पण कुणाचा मुलगा शारजात वेल्डर आहे, कुणाचा जावई रियाधला गाडी चालवतो, कुणी दोहात हॉटेलात आहे. घरच्यांना त्याच्यासाठी काही पाठवावेसे वाटते आणि ते साहजिकच आहे. अशा पार्सलांचा आमचा तजुर्बा आणि आज लागू असलेले नियम व्यापारी व कारागीर बांधवांपुढे ठेवावेत, म्हणून हा लेख.

सुरुवातीलाच एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पार्सल आपण इथे बांधतो, पण जबाब ते घेणाऱ्याला द्यावा लागतो. तो परक्या मुलखात आहे, व्हिसावर आहे, तिथला कायदा त्याच्या डोक्यावर आहे. आपण कागदावर लिहिलेले खोटे किंवा डब्यात नकळत घातलेली वस्तू त्याची रोजी घालवू शकते. कधी त्याला तुरुंगही दाखवू शकते.

आमची चूक

काही वर्षांपूर्वी आम्ही एका गिऱ्हाइकाच्या सुनेसाठी शारजाला शालू आणि जरीकामाचा ड्रेस कुरिअरने पाठवला. माल अठरा हजारांचा. तिकडे कर लागू नये म्हणून कागदावर लिहिले, "जुने कपडे, किंमत ५०० रुपये". अशी युक्ती बाजारात सर्रास चालते, आम्हीही केली. पार्सल वाटेत भिजले आणि जरी काळी पडली. भरपाई मागितली तेव्हा जबाब आला की तुम्हीच किंमत ५०० लिहिली आहे, तेवढीच मिळेल. यात कुरिअरवाल्याचा काही दोष नव्हता. खोटे आमचे होते. गिऱ्हाइकाला पुरे पैसे आम्ही आमच्या गल्ल्यातून भरून दिले.

त्या दिवशी हिशेब मांडून पाहिला. संयुक्त अरब अमिरातीत २०२३ पासून ३०० दिरहमपेक्षा जास्त किमतीच्या बाहेरून येणाऱ्या मालावर ५ टक्के कस्टम ड्युटी लागते. २०१८ पासून ५ टक्के व्हॅटही आहे. समजा माल भाड्यासह २,००० दिरहमचा आहे. ड्युटी १०० दिरहम झाली. मग २,१०० वर व्हॅट १०५ दिरहम. एकूण २०५, शिवाय कुरिअरची कागदपत्रांची फी. म्हणजे शंभराला दहा-साडेदहा. एवढे वाचवायला आम्ही शंभराचे शंभर पणाला लावले होते. सौदी अरबात व्हॅट १ जुलै २०२० पासून १५ टक्के आहे, तिथे जास्त भरावे लागते. तो खर्च मुलाला आधी सांगावा, नाहीतर पार्सल कस्टममध्ये अडून पडते.

विमा कशासाठी

पुष्कळांचा समज असा की कुरिअरला पैसे दिले म्हणजे मालाची हमी आली. तसे नाही. विमानाने जाणाऱ्या मालाला मॉन्ट्रियल कराराचा नियम लागतो. १९९९ च्या या करारात भारत २००९ मध्ये सामील झाला. वेगळी किंमत जाहीर केली नसेल तर नुकसानीची भरपाई वजनावर ठरते. २८ डिसेंबर २०२४ पासून ही हद्द किलोमागे २६ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे माप. दोन किलोच्या पार्सलला ५२ एसडीआर, म्हणजे साधारण सहा हजार रुपये. आत पैठणी असो की गोधडी, तराजूला दोन्ही सारख्याच.

म्हणून किंमती माल पाठवताना पावतीवर खरी किंमत जाहीर करावी, त्याचा जादा आकार भरावा किंवा वेगळा विमा घ्यावा. दुकानाचे पक्के बिल जोडावे. खरी किंमत लिहिली तरच विम्याला अर्थ आहे. याच करारात मुदतही आहे. माल खराब मिळाला तर हाती आल्यापासून १४ दिवसांत आणि उशिरा मिळाला तर २१ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. मुलाला सांगून ठेवावे की पार्सल उघडताना मोबाइलवर चित्रण कर, डबा फाटका दिसला तर सही करताना तसे लिही.

पत्ता आणि नाव

आखातात आपल्यासारखा पोस्टमन दारोदार फिरत नाही. अमिरातीत साधी टपाल पोस्ट बॉक्समध्ये येते आणि कामगारांचा बॉक्स बहुधा कंपनीचा असतो. शेकडो माणसांची टपाल एकाच ठिकाणी. तिथे किंमती वस्तू पाठवू नये. कुरिअरने पाठवायचे तर इमारतीचे नाव, खोली, जवळची खूण आणि तिकडचा चालू मोबाइल नंबर द्यावा. दुबईत प्रत्येक इमारतीच्या दाराला दहा आकडी मकानी नंबर असतो, तो मागून घ्यावा. सौदीत राष्ट्रीय पत्ता असतो, त्याचे लघुरूप चार अक्षरे आणि चार आकडे. मुलाने तो मोबाइलवर पाठवला की जसाच्या तसा उतरवून घ्यावा.

नाव पासपोर्टवर आहे तसेच लिहावे. गावात आपण बाबू, छोटू, मुन्ना म्हणतो. कस्टम ओळखपत्र मागते, तिथे मुन्ना कोण हे कुणाला ठाऊक?

काय पाठवू नये

सोने, चांदी, हिरे-माणके आणि नोटा साध्या टपालात घालायच्या नाहीत, असा जागतिक टपाल संघाचा नियम आहे. विमा उतरवलेल्या टपालातही दोन्ही देश ते स्वीकारत असतील तरच चालते. बहुतेक कुरिअरवालेही दागिने आणि रोकड घेत नाहीत. लग्नाचा दागिना द्यायचा असेल तर घरच्या माणसाने स्वतः न्यावा, बिलासह आणि दोन्हीकडचे नियम विचारून.

दुसरी वस्तू आमच्या घराघरांत आहे, खसखस. शीरखुर्म्यात घालतो, मसाल्यात वाटतो. शेजारचे हिंदू बांधव दिवाळीला अनारसे देतात, त्यावरही ती असते. इथे ती वाण्याकडे उघड विकली जाते, पण अमिरात आणि सौदीत तिला बंदी आहे, कारण ती अफूच्या बोंडातली. आई मायेने मसाल्याचा डबा भरते आणि मुलगा अमली पदार्थाच्या चौकशीत उभा राहतो. विड्याची पाने आणि गुटखा यांचेही तसेच. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असते, दुखण्याच्या काही गोळ्यांत ट्रॅमाडॉल. तिकडच्या आरोग्य खात्याची परवानगी नसताना ही औषधे धाडू नयेत.

तिसरी गोष्ट मूळ कागदपत्रे. पदवीची सनद, निकाहनामा, जन्माचा दाखला. विमा पैसे देतो, सनद देत नाही. आधी मोबाइलवर नक्कल पाठवावी आणि ती चालते का ते विचारावे. मूळच लागत असेल तर घरच्या खात्रीच्या माणसाच्या हाती द्यावे.

दुसऱ्याचे पाकीट

पण ओळखीच्या हाती देण्याची रीतही डोळे झाकून पाळायची नाही. जुलै २०१९ मध्ये मुंबईचे एक मुस्लिम जोडपे सहलीला कतारला गेले. एका नातेवाईक बाईने त्यांच्याकडे एक पाकीट दिले होते. दोहाच्या विमानतळावर त्यात सुमारे चार किलो चरस निघाला. दोघांना दहा-दहा वर्षांची सजा झाली. पत्नी गरोदर होती, मूल तुरुंगात जन्मले. भारताच्या अमली पदार्थ नियंत्रण विभागाने इकडे तपास करून त्यांना फसवले गेल्याचे पुरावे दिले, तेव्हा वरच्या न्यायालयात ते निर्दोष ठरले. एप्रिल २०२१ मध्ये ते मुंबईला परतले.

अमानत सांभाळणे हे आपल्या दीनमध्ये मोठे काम आहे. पण जी गाठ उघडून पाहिली नाही, ती अमानत आपण कुठल्या भरवशावर घेणार? दुसऱ्याचे सामान नेणाऱ्याने ते देणाऱ्याच्या समोर उघडावे, एकेक वस्तू पाहावी, मग स्वतः बांधावे. देणाऱ्यानेही यात अपमान मानू नये. जो उघडू देत नाही त्याचे सामान घेऊ नये, मग तो सख्खा असला तरी.

तिकडून येणारे पार्सल

उलट बाजूने मुलगा घड्याळ किंवा मोबाइल पाठवतो. पूर्वी थोड्या किमतीची भेटवस्तू विनाड्युटी सुटत असे. १२ डिसेंबर २०१९ पासून ती सवलत गेली. राखी आणि जीव वाचवणारी औषधे वगळता टपालाने वा कुरिअरने आलेल्या भेटवस्तूवर पुरी ड्युटी भरावी लागते. त्यामुळे अशा वस्तू मुलाने सुट्टीला येताना सामानातून, हद्दीत राहून आणणे बरे.

याच ड्युटीच्या नावावर ठग फोन करतात, "तुमचे परदेशी पार्सल कस्टमात अडकले आहे, या खात्यात पैसे भरा." कस्टम खाते कुणाच्या खासगी खात्यात पैसे मागत नाही. त्याच्या प्रत्येक पत्रावर डीआयएन नावाचा क्रमांक असतो, तो खात्याच्या संकेतस्थळावर तपासता येतो. फसगत झालीच तर वेळ न घालवता १९३० या नंबरवर कळवावे. आखातातल्या मुलांनाही टपाल खात्याच्या नावाने पत्ता दुरुस्तीची खोटी लिंक येते, त्यांनाही सावध करावे.

कारागिरांसाठी

ज्यांचा माल परदेशी गिऱ्हाइकाला विकला जातो, त्यांनी त्यावर "भेट" असे लिहू नये. आयात-निर्यात क्रमांक काढावा. टपाल खात्याने २०२२ पासून देशभर डाकघर निर्यात केंद्रे उघडली आहेत. तिथे कस्टमचा कागद ऑनलाइन भरता येतो, त्यासाठी मुंबईच्या विदेश डाकघरात खेपा घालाव्या लागत नाहीत. पार्सलवरच्या सीएन २३ फॉर्मात नुसते "कपडे" लिहिले तर चालत नाही. "सुती कुर्ता, नवा, २ नग, किंमत अमुक" असे लिहावे.

आज दुकानात कुणी पार्सलचे विचारले की आम्ही आधी डबा उघडायला सांगतो. परवा एक खाला मसाल्याची बरणी घेऊन आल्या होत्या, मुलगा अबुधाबीत. त्यात खसखस होती. त्या जरा नाराज झाल्या, पण बरणी घरी परत गेली आणि तिच्या जागी दोन सुती कुर्ते गेले, खऱ्या किमतीच्या बिलासह. आठ दिवसांत मुलाचा फोन आला की ड्युटीही लागली नाही, कारण किंमत ३०० दिरहमच्या आत होती. खरे लिहूनही काही वेळा फुकट सुटते, हे आम्हाला त्या अठरा हजारांच्या शालूच्या वेळी कळले असते तर बरे झाले असते.