चौरस खोलीतील ध्वनिक्षेपकांची मांडणी : एक विवेचन

संगीताच्या अध्यापनात ध्वनिमुद्रणांचे श्रवण अपरिहार्य आहे. परंतु ते ज्या खोलीत घडते तिचा विचार सहसा केला जात नाही. शिरवळसारख्या महामार्गावरील औद्योगिक गावात सिमेंट-काँक्रीटच्या घरांतून १२ फूट लांब व १२ फूट रुंद अशी खोली अनेकदा काढली जाते. जागेच्या हिशेबाने ती सोयीची असली, तरी ध्वनीच्या दृष्टीने अडचणीची ठरते. प्रस्तुत लेखात त्याचे कारण व त्यावरील उपाय यांचा विचार केला आहे.

समोरासमोरच्या भिंतींवरून ध्वनी परावर्तित होऊन स्थिर तरंग निर्माण होतात. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४४ मीटर धरल्यास १२ फूट, म्हणजे ३.६६ मीटर अंतरासाठी त्यांची मूळ वारंवारिता ४७ हर्ट्झ येते. पुढील दोन ९४ व १४१ हर्ट्झच्या असतात. आयताकृती खोलीत लांबी व रुंदीच्या वारंवारिता भिन्न असल्याने परिणाम विभागला जातो. चौरस खोलीत त्या एकमेकींवर पडतात व मोजकेच स्वर फुगतात. काळी एक पट्टीतील मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा असतो. तंबोऱ्याची जोडही त्याच स्वरात लागते. १४१ हर्ट्झचे संस्पंदन त्याला लागूनच आहे. शेजारच्या स्वरांना तेवढे पाठबळ मिळेलच असे नाही. त्यामुळे गायकाने न दिलेला जोर विद्यार्थ्याच्या कानाला जाणवतो, आणि हा दोष ध्वनिमुद्रणाचा समजला जातो.

यावर मांडणीचाच उपाय आहे. दोन्ही ध्वनिक्षेपक बाजूच्या भिंतींपासून ३ फुटांवर व पाठीमागील भिंतीपासून २ फुटांवर ठेवावेत (अंतर त्यांच्या मोठ्या पडद्याच्या मध्यापासून मोजावे). दोहोंतून सारखाच मंद्र ध्वनी निघत असल्याने रुंदीच्या दिशेतील ४७ व १४१ हर्ट्झचे तरंग परस्परांना रद्द करतात. ३ फूट हे रुंदीच्या एक चतुर्थांश असून तेथे ९४ हर्ट्झचा निस्पंद असतो. लांबीच्या एक षष्ठांशावर, म्हणजे २ फुटांवर, १४१ हर्ट्झचा. निस्पंदावर ठेवलेला ध्वनिक्षेपक तो तरंग चेतवू शकत नाही. याउलट कोपऱ्यात सर्वच तरंगांचा दाब कमाल असतो. जागा वाचते म्हणून तेथे ध्वनिक्षेपक बसवण्याची आपली रूढी म्हणूनच सर्वांत घातक होय.

ध्वनिक्षेपकांतील अंतर आता ६ फूट झाले. श्रोत्यासह समभुज त्रिकोण साधल्यास त्याचे आसन पाठीमागील भिंतीपासून ७ फुटांच्या किंचित पुढे येते. खोलीचा ऐन मध्य व समोरची भिंत, दोन्ही त्यामुळे टळतात. मध्यावर ४७ हर्ट्झ जवळजवळ ऐकूच येत नाही, तर भिंतीला टेकून बसणाऱ्यास मंद्र ध्वनी अवाजवी वाटतो.

भिंतीवर वाकळ टांगल्याने टाळीचा खणखणाट कमी होतो. ४७ हर्ट्झच्या ७ मीटरहून अधिक तरंगलांबीवर तिचा परिणाम नगण्य. अखेरची पारख तंबोऱ्याच्या ध्वनिमुद्रणाने करावी : ते सुरू ठेवून आसन वीतभर मागेपुढे सरकवावे व जोड आणि खर्ज समतोल ऐकू येतील तेथे ते कायम करावे.