सीईटीतलं इंग्रजी: ऐकीव गोष्टी आणि खरा पेपर

बारावीची परीक्षा संपली की रोहिणखेड, मोताळा, मलकापूर या पट्ट्यातल्या घरांत एक चिंता हमखास सुरू होते: "पोराचं इंग्रजी कच्चं आहे, सीईटीत निभावेल का?" कोणती सीईटी, असं विचारलं की बहुतेकांना सांगता येत नाही. इंग्रजीबद्दलचे निम्मे गैरसमज इथंच जन्माला येतात.

एमएचटी-सीईटी, नीट आणि जेईई या तिन्ही परीक्षांत इंग्रजी व्याकरणाचा एकही प्रश्न नसतो. एमएचटी-सीईटीत तर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्राचे प्रश्न मराठीतूनही घेता येतात. गणित तेवढं इंग्रजीतच असतं. त्यामुळे अभियांत्रिकीच्या सीईटीसाठी रेन अँड मार्टिनचं जाडजूड व्याकरण विकत घेणाऱ्याने ते पैसे खुशाल वाचवावेत. गावाजवळच्या महाविद्यालयात साधं बी.ए., बी.कॉम. किंवा बी.एस्सी. करायचं असेल तर प्रवेश बारावीच्या गुणांवर होतो, सीईटी लागतच नाही.

इंग्रजी खरोखर मोजलं जातं ते वेगळ्या ठिकाणी. बीबीए, बीसीए, बीएमएस हे अभ्यासक्रम २०२४-२५ पासून एआयसीटीईच्या कक्षेत आले आणि राज्याच्या सीईटी सेलने २०२४ मध्ये त्यांची पहिली प्रवेश परीक्षा घेतली. ९० मिनिटांत १०० प्रश्न, त्यांतले ४० इंग्रजीचे. बुद्धिमापनाचे ३०, म्हणजे इंग्रजीचा वाटा सगळ्यांत मोठा. संगणकाची आवड म्हणून बीसीएला जाणाऱ्या पोराला हे फॉर्म भरल्यावर कळतं, तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. कायद्याच्या पाच वर्षांच्या सीईटीतही इंग्रजीचा स्वतंत्र भाग आहे. एनडीएच्या लेखी परीक्षेत ९०० पैकी २०० गुण इंग्रजीचे असतात. केंद्रीय विद्यापीठांच्या सीयूईटीत मात्र एक सवलत आहे, ती आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही: तिच्या १३ भाषांच्या यादीत मराठीही आहे. "सीयूईटी म्हणजे इंग्रजी द्यावंच लागतं" हे सरसकट खरं नाही. हव्या असलेल्या अभ्यासक्रमाला कोणती भाषा चालते, तेवढं त्या विद्यापीठाच्या नियमांत पाहून घ्यावं.

आता पाठांतराकडे वळू. "रोज पन्नास शब्द पाठ केले की व्होकॅब पक्कं" हा क्लासवाल्यांचा लाडका मंत्र आहे. इंग्रजीच्या शिक्षणासाठी मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये सुमारे २,००० शब्दांची यादी प्रसिद्ध केली. सर्वसाधारण इंग्रजी मजकुरातले सुमारे ८० टक्के शब्द या एवढ्याशा यादीतूनच येतात. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं, म्हणजे आजच्या बारावीच्या मुलाची बारा वर्षं या भाषेच्या सहवासात गेलेली असतात. त्याला हे शब्द बहुतेक ओळखीचे असतात, पण ते कोणत्या शब्दासोबत बसतात याची खात्री नसते. पाऊस 'हेवी' असतो, 'स्ट्राँग' नसतो. चूक 'मेक' करतात, 'डू' करत नाहीत. आपण परीक्षा देतो, म्हणून आपली मुलं 'गिव्ह द एक्झाम' लिहितात. पुस्तकी इंग्रजीत विद्यार्थी परीक्षा 'टेक' करतो. गाळलेल्या जागेच्या प्रश्नात चारही पर्याय अर्थाने जवळपास सारखे असतात आणि उत्तर ठरतं ते या सोबतीवरून. शब्दापुढे मराठी अर्थ लिहिलेली वही इथं कामी येत नाही. 'स्केअर्स' म्हणजे दुर्मिळ, एवढं लिहून थांबू नका; मे महिन्यात आपल्या गावात पाणी 'स्केअर्स' होतं, असं अख्खं वाक्य लिहा आणि शेजारी 'अबंडंट' हा उलट शब्द टाका.

पाठ केलेलं वारंवार वाचत बसण्याबद्दलही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये अमेरिकेत विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो मिटून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा लिहून काढणारे पुढे गेले. म्हणून वहीत अर्थ झाकून शब्द आठवायचा, चुकला तर दोन दिवसांनी पुन्हा. रंगीत पेनाने अधोरेखित करून समाधान मिळतं, गुण मिळतीलच असं नाही.

व्याकरणाची गोष्ट याहून गमतीची. बारा काळांच्या व्याख्या घडाघडा म्हणणारी मुलं पेपरात अडखळतात, कारण व्याख्या कुणी विचारतच नाही. चार तुकडे केलेलं वाक्य देतात आणि चूक कोणत्या तुकड्यात आहे ते विचारतात. यातल्या बऱ्याच चुका मराठी माणसाच्या तोंडून सहज येणाऱ्या असतात. आपण म्हणतो, "मी पाच वर्षांपासून इथं राहतो." यातलं 'पासून' इंग्रजीत दोन घरांत विभागलं जातं: कालावधी सांगायचा तर 'फॉर', सुरुवातीचं साल सांगायचं तर 'सिन्स'. मराठी डोक्यातून मात्र 'फ्रॉम लास्ट फाइव्ह इयर्स' येतं, आणि क्रियापदही 'आय लिव्ह' असं साध्या वर्तमानकाळात उतरतं. तिथं 'हॅव बीन लिव्हिंग' हवं असतं.

दुसरी जागा. "ती म्हणाली की ती आजारी आहे." मराठीत 'म्हणाली' भूतकाळात गेली तरी 'आहे' जागेवर राहतं. इंग्रजीत 'सेड' आलं की पुढचं 'इज' सहसा 'वॉज' होतं. तिसरी जागा: 'वन ऑफ माय फ्रेंड्स' इथं मित्र अनेक, पण क्रियापद 'वन'चं ऐकतं, म्हणून 'इज'. चौथी: 'डिस्कस'नंतर 'अबाउट' नाही, 'मॅरीड'नंतर 'विथ' नाही, तिथं 'टू'. आणि 'अ', 'अॅन', 'द' ही आर्टिकल्स तर मराठीत नाहीतच. त्यामुळे ती कुठे हवीत हे कानाला जाणवत नाही, वाचूनच अंगवळणी पडतात. एवढ्या चार-पाच जागा घोटल्या, तर चुका शोधण्याच्या प्रश्नांतला मोठा भाग आवाक्यात येतो, असं माझं मत आहे.

"मराठी माध्यमाची मुलं इथं मागेच पडणार" हे मला मुळीच पटत नाही. या पेपरात बोलायचं नसतं, उच्चार कुणी तपासत नाही. आणि मराठी शाळेत कर्तरी-कर्मणी प्रयोग शिकलेल्या मुलाकडे 'अॅक्टिव्ह-पॅसिव्ह'ची निम्मी तयारी आधीच असते. रोहिणखेडलाच १४३७ आणि १५९० मध्ये लढाया झाल्या. 'अ बॅटल वॉज फॉट अॅट रोहिणखेड इन १४३७' हे वाक्य एकदा फळ्यावर लिहिलं की कर्ता सांगितला नाही तरी वाक्य कसं उभं राहतं, ते पोरांना लगेच दिसतं. गाइडातला राम आणि त्याचा आंबा आता थोडा विसावला तरी चालेल.

इंग्रजी सिनेमे, रील्स पाहून व्याकरण आपोआप येतं, हाही एक समज. कान तयार होतो, एवढं खरं. पण पेपर वाचायचा असतो. कायद्याच्या राष्ट्रीय परीक्षेत, म्हणजे क्लॅटमध्ये, २०२० पासून सुमारे ४५० शब्दांचे उतारे येतात. सीयूईटीच्या भाषेच्या पेपरातही उताऱ्यांवरचे प्रश्न असतात. त्यासाठी रोज इंग्रजी वर्तमानपत्राचा एकच लेख, पण घड्याळ लावून वाचावा.

राहिला अंदाजाचा प्रश्न. "माहीत नसेल तर सोडून द्यावं" हा सल्ला प्रत्येक परीक्षेला लागू पडत नाही. बीबीए-बीसीएच्या सीईटीत चुकीला गुण कापत नाहीत, म्हणजे एकही प्रश्न रिकामा ठेवणं नुकसानीचं. सीयूईटीत बरोबर उत्तराला ५ गुण, चुकीला १ वजा. चार पर्यायांतून डोळे मिटून निवडलं तरी चारांतून एकदा ५ मिळणार, तीनदा १ जाणार. चार प्रश्नांमागे २ गुण पदरात. एनडीएच्या इंग्रजीत मात्र बरोबरला ४ आणि चुकीला १.३३ वजा. तिथं डोळे मिटून मारलेला अंदाज सरासरीने शून्यावर येतो, पण एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर हिशोब तुमच्या बाजूने झुकतो. हे गणित पाचवीच्या मुलालाही येतं, तरी ते मांडून दाखवायला क्लासमध्ये कुणाला वेळ नसतो.

पुस्तकांचं म्हणाल तर बालभारतीची अकरावी-बारावीची इंग्रजी युवकभारती घरात असतेच, ती ई-बालभारतीवर फुकट उतरवूनही घेता येते. तिच्यातल्या व्याकरणाच्या कृती अनेक मुलं बोर्डाच्या परीक्षेनंतर रद्दीत घालतात. एनडीएच्या जुन्या प्रश्नपत्रिका यूपीएससीच्या संकेतस्थळावर आहेत. गाइड घ्यायचीच असेल तर त्याआधी आपल्या परीक्षेची यंदाची माहितीपुस्तिका उघडा. इंग्रजीला किती गुण, कोणतं माध्यम, चुकीला किती वजा, हे तिच्यात छापलेलं असतं आणि ते दरवर्षी बदलू शकतं. शेजारच्या पोराने दोन वर्षांपूर्वी दिलेल्या पेपरवरून यंदाची तयारी ठरवू नका.