इंजिनाचा श्वास

मोटार पेट्रोलवर चालते असें म्हणतात खरें. पण इंजिनाची शक्ति ठरते ती त्यांत शिरलेल्या हवेवरून. दट्ट्या खालीं सरकतांच बाहेरची हवा आपण होऊन आंत येते. हा नैसर्गिक श्वास. शक्ति वाढवायची तर इंजिन मोठें करावें, नाहीं तर पंप लावून हवा आंत कोंबावी.

इंग्लंडांत बेंटले मोटारींच्या बाबतींत यावरूनच मतभेद झाला. स्वतः वॉल्टर ओवेन बेंटले मोठ्या इंजिनाचे पुरस्कर्ते. शर्यतपटु टिम बर्किन यांना मात्र साडेचार लिटरच्या इंजिनालाच पंप हवा होता. तो बसला, शक्तिही वाढली. परंतु दाबलेली हवा तापते, पंप फिरवण्यांत इंजिनाचीच कांहीं शक्ति जाते, शिवाय पेट्रोल अधिक जळतें.

१९३० सालीं फ्रान्समधील ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतींत बर्किन यांच्या पंपवाल्या मोटारी बंद पडल्या. पहिले दोन क्रमांक पटकावले साडेसहा लिटरच्या, पंपाविना धांवणाऱ्या बेंटलेंनीं. त्याच वर्षीं पो येथील फ्रेंच ग्रां प्रीमध्यें मात्र बर्किन यांनीं तसलीच अवजड पंपवाली मोटार दुसऱ्या क्रमांकावर आणली. अर्थात् ती शर्यत तीन तासांच्या आंत आटोपली होती!