अब्बांचा आवाज आणि रबराचा पट्टा

अब्बा कुवेतहून पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवत. कोकणातल्या कितीतरी घरांत तेव्हा अशा कॅसेट यायच्या. अब्बा आता नाहीत, कॅसेट आहे. परवा ती काढली, तर खिशातला प्लेअर मुका! मोटर गुणगुणते, चक्रे मात्र फिरत नाहीत.

असे झाले की पहिला संशय रबराच्या पट्ट्यावर घ्यावा. मोटरची गती चक्रांपर्यंत नेणारा हा पट्टा जुना झाला की सैल पडतो किंवा डांबरासारखा चिकट होतो.

आधी सेल काढा. स्क्रू लहानमोठे असतात, म्हणून कागदावर प्लेअरचे चित्र काढून ज्या त्या जागी चिकटपट्टीने लावा. झाकण हळूच उचला, आतल्या बारीक तारा ओढल्या तर तुटतात. पट्टा कुठून कसा जातो त्याचा फोटो घ्या. चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसा. नवा पट्टा योग्य मापाचाच हवा. फीत सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर सरकली, तरच आवाज मूळचा वाटतो.

पट्टा बसला तशी मी घाईने अब्बांचीच कॅसेट लावणार होते. अम्मीने हात धरला, "आधी दुसरी लाव." लावली, आणि प्लेअरने ती फीत गुंडाळून टाकली! फीत ओढणारे रबरी चाक पुसायचेच राहिले होते.

ते पुसले, पुन्हा तपासले, मगच अब्बांची कॅसेट लावली आणि ऐकता ऐकता मोबाइलमध्ये उतरवून घेतली. तुमच्याही कपाटात अशी कॅसेट असेल, तर उशीर करू नका.