पाणी व हवा यांच्या सीमेवरील पूर्ण परावर्तन

पाण्यातून हवेत जाणाऱ्या प्रकाशाचे वर्णन पाठ्यपुस्तकांत बहुधा दोन भागांत केलेले असते : क्रांतिक कोनापर्यंत वक्रीभवन आणि त्यापुढे परावर्तन. पाण्याचा वक्रीभवनांक १.३३३ धरल्यास हा कोन ४८.६ अंशांचा येतो व आकृतीतील किरण तेथे एकाएकी मागे वळतो. आकृती सोयीची खरी. परंतु तिच्यामुळे दोन गैरसमज विद्यार्थ्याच्या मनात पक्के बसतात.

पहिला असा की, क्रांतिक कोनाच्या आत परावर्तन नसतेच. वस्तुतः स्नेलचा नियम केवळ दिशा सांगतो. ऊर्जेची वाटणी कळते ती फ्रेनेलने १८२३ मध्ये मांडलेल्या सूत्रांवरून. त्यांनुसार अध्रुवित प्रकाश लंबदिशेने आला असता सुमारे २ टक्के, ३० अंशांवर २.६ टक्के, ४५ अंशांवर १४ टक्के आणि ४८ अंशांवर ४३ टक्के ऊर्जा पाण्यात परतते. उरलेली सारी वाढ पुढील अवघ्या ०.६ अंशात उरकते !

दुसरा गैरसमज अधिक सूक्ष्म आहे. परावर्तन पूर्ण झाले, तेव्हा हवेत काहीच उरले नाही, असे मानले जाते. परंतु विद्युत्क्षेत्राचा पृष्ठसमांतर घटक सीमेच्या दोन्ही अंगांस सारखाच असावा लागतो. पाण्यात तो शून्य नसताना हवेत शून्य असणे शक्य नाही. हवेतील हा तरंग पृष्ठाला समांतर सरकतो व पृष्ठापासून दूर जाताना त्याचा परमप्रसर घातांकी रीतीने घटतो. आपात कोन ६० अंशांचा व प्रकाश सोडियमचा पिवळा असेल, तर सुमारे १६० नॅनोमीटर अंतरावर तो ३७ टक्क्यांवर येतो. लंबदिशेने सरासरी ऊर्जाप्रवाह शून्य असल्याने परावर्तन मात्र पूर्णच राहते.

या थराचे अस्तित्व दाखविण्यासाठी त्यात दुसरे माध्यम आणावे लागते. दोन लोलकांत हवेची फट ठेवून हे साधते. पण दृश्य प्रकाशासाठी ती फट अत्यंत अरुंद हवी. प्रेसिडेन्सी कॉलेजातील प्राध्यापक जगदीशचंद्र बोस यांनी १८९७ च्या सुमारास प्रकाशाऐवजी अल्प लांबीचे विद्युत्तरंग वापरले. त्यांची लांबी प्रकाशाच्या हजारो पट असल्यामुळे फट सहज मोजता येऊ लागली. फट रुंदावत जाई तसतसे पलीकडे पोचणारे प्रारण घटे.

पाण्याने भरलेल्या काचेच्या पेल्यातही हे दिसते. वरून तिरपे पाहिल्यास पेल्याची बाजू चांदीसारखी चकाकते. तेथे बाहेरून बोट दाबले, की त्वचेच्या रेषांचे उंचवटे तेवढे दिसू लागतात. मधल्या खाचांत हवा असल्यामुळे तेथील चकाकी तशीच राहते.